शेपटीकडचा तुकडा

माझी नणंद डार्ला हुडाक हिच्या तावडीत एकदा माणूस सापडला की त्याची सुटका नाही. ती भांडत नाही. भांडणारी मी. मी कॉनी. माझा आवाज चढला की पलीकडच्या गल्लीतली कुत्री भुंकायला लागतात, आणि थोड्या वेळाने त्याच माणसाला मी कॉफी पाजत असते. डार्लाचं तसं नाही. ती गप्प बसते, गोड हसते आणि मनात गाठ मारून ठेवते. ती गाठ मग कोणाच्या बापाला सुटत नाही.

सगळ्यात जुनी गाठ बेकर्ट सरांची.

आमच्याकडे ईस्टरच्या आधीचे सगळे शुक्रवार मटण-कोंबडी बंद. निम्मं गाव संध्याकाळी फायर हॉलमध्ये, आगीच्या बंबवाल्यांच्या सभागृहात, तळलेला मासा खायला येतं, कॅथलिक असो नसो. वाढायला आम्ही बायका. मी कोबीच्या कोशिंबिरीवर, डार्ला माशावर. बेकर्ट सर आम्हाला शाळेत गणित शिकवायचे. ते बायकोला घेऊन न चुकता यायचे. रांगेत ते दिसले की डार्ला चिमट्याने ट्रेमधले तुकडे खालीवर करायची आणि शेपटीकडचा, बारका, पातळ, तळून तळून काळपट पडलेला तुकडा हुडकून त्यांच्या ताटात टाकायची. बायकोला मात्र मधला जाडजूड, लोण्यासारखा. तिचा काय दोष? सर हसून "थँक्यू" म्हणायचे आणि पुढे सरकायचे. वर्षानुवर्षं हे असंच.

"अगं, आज तरी नीट दे त्यांना," मी म्हणायचे. "म्हातारे झालेत आता."

"म्हातारे झालेत, मेले नाहीत," डार्ला म्हणायची आणि पुढच्या माणसाला विचारायची, "लिंबू हवं का?"

आणि ते थँक्यू! त्या थँक्यूने तिच्या अंगाचा तिळपापड व्हायचा. घरी जाताना गाडीत म्हणायची, "बघितलंस? कळतंय त्यांना. कळूनसुद्धा मला खिजवायला हसतात." मला काही तसं वाटायचं नाही. पण मी बोलले नाही, कारण मूळ भांडणात मीही होते.

अकरावीत आम्ही एका वर्गात. तेव्हा ती माझी नणंद नव्हती, नुसती पुढच्या बाकावरची पोरगी होती. जुने बूट घालायची, कोणाशी बोलायची नाही. तिला डॉक्टर-बिक्टर नाही, एक्स-रे काढणारी व्हायचं होतं. लहानपणी व्हरांड्याच्या छपरावरून पडून तिचं मनगट मोडलं होतं. तेव्हा दवाखान्यातल्या बाईने तिला तिचीच हाडं उजेडासमोर धरून दाखवली. ते तिच्या डोक्यात बसलं ते बसलंच. त्यासाठी कॉलेज हवं, कॉलेजसाठी पुढचं गणित हवं, आणि पुढच्या गणितासाठी बेकर्ट सरांचं बीजगणित पार करायला हवं.

वार्षिक परीक्षेत तिला शंभरपैकी शंभर पडले. बेकर्ट सरांनी पेपर वाटताना तिचा पेपर हातात धरला, वर्गाकडे वळले आणि म्हणाले, "मिस हुडाक, शेजाऱ्याच्या पेपरात डोकावून शंभर मिळवले की त्याचे शून्य होतात." आणि सगळ्यांसमोर लाल पेनाने शून्य काढलं. शेजारी कोण, तर ट्रॉय मॅसी. फुटबॉलच्या संघातला, देखणा, डोक्याने रिकामा. त्याला पडले होते एकेचाळीस.

मला राहवलं नाही. मी उभी राहिले आणि ओरडले, "सर, एकेचाळीसवाल्याचं बघून शंभर कसे पडतील? शिकवा ना आम्हाला ते गणित!" अख्खा वर्ग हसला. मला बाहेर काढलं, आठवडाभर शाळा सुटल्यावर बसवून ठेवलं. शून्य काही पुसलं गेलं नाही. हुडाकांची पोरगी, बाप पिऊन पडलेला, भाऊ बरा खेळतो म्हणून नाव माहीत. तिला शंभर पडतात म्हणजे काहीतरी काळंबेरं असणारच, असा हिशेब. डार्लाला पुढच्या वर्षी 'घरगुती गणिता'च्या वर्गात टाकलं. तिथे चेक कसा लिहायचा आणि कूपन कसं वापरायचं ते शिकवायचे. त्या वर्गातून कॉलेजात कोणी जात नसे.

आमची मैत्री त्या आठवड्यात झाली. मी शाळेत अडकून पडायची आणि ती बाहेर पायरीवर माझी वाट बघत बसायची. पुढे तिच्या भावाशी, स्टॅनशी, मी लग्न केलं, पण खरं सांगायचं तर आधी मला डार्ला मिळाली, स्टॅन नंतर.

शाळा संपल्यावर ती सुपरमार्केटच्या बेकरीत लागली. केकवर नावं लिहायची. हात असा सुबक की लोक लांबून केक घ्यायला यायचे. पण मला विचाराल तर तिथे देवाने तिची थट्टाच मांडली होती. दर जूनमध्ये गावातली पोरं शाळा संपवून कॉलेजात जाणार आणि डार्ला त्यांच्या केकवर गुलाबी क्रीमने 'शाब्बास, पुढच्या वाटचालीला शुभेच्छा' लिहिणार. ट्रॉय मॅसीच्या पोराचाही केक तिनेच लिहिला. आणि बेकर्ट सर शाळेतून निवृत्त झाले तेव्हा शाळेने त्यांचाही केक तिच्याकडेच टाकला. 'तुमची आठवण येत राहील' असं लिहायचं होतं. त्या केकवर तिने इतके दात-ओठ खाऊन क्रीम दाबलं की पिशवी फाटून भिंत रंगली. दुसऱ्या पिशवीने मात्र सुंदर लिहिलं. "माझं काम मी खराब करणार नाही त्या माणसापायी," म्हणाली.

मग बेकरी बंद झाली. केक बाहेरून गोठवलेले यायला लागले, नावासकट. डार्ला पन्नाशीला टेकलेली, नवरा केव्हाच फ्लोरिडाला पळालेला, पोरबाळ नाही. मला वाटलं खचेल. एके दिवशी ती माझ्या स्वयंपाकघरात आली, मी कोबी चिरत होते, आणि म्हणाली, "मी कॉलेजात नाव घालतेय. एक्स-रेचा कोर्स."

मी सुरी खाली ठेवून तिला मिठीच मारली. रडलेही. मी रडकीच आहे.

अडचण एकच. आमच्या काउंटीच्या कॉलेजातली त्या कोर्सची ती शेवटची तुकडी होती. पुढच्या वर्षापासून कोर्स मोठ्या शहरातल्या शाखेत हलणार होता, डोंगरापलीकडे. हिवाळ्यात त्या रस्त्यावर ट्रकवालेसुद्धा हात जोडतात. डार्लाची गाडी तर आमच्या चर्चच्या चढावर धापा टाकते. म्हणजे या वर्षी जागा मिळाली तर मिळाली, नाहीतर जन्मभर नाही. आणि जागा कोणाला? जे पहिल्या सत्रातच कॉलेजचं बीजगणित घेऊ शकतील त्यांना. ते ठरवणार गणिताची प्लेसमेंट टेस्ट. कॉलेज सुरू व्हायच्या आधी सगळ्यांनाच द्यावी लागते ती. संगणकासमोर बसायचं, तो प्रश्न विचारतो, आणि शेवटी सांगतो की तुमची लायकी कुठल्या वर्गाची. वरचा निकाल आला तर बीजगणित. खालचा आला तर तळाचा वर्ग, अपूर्णांक आणि टक्केवारी, आणि एक वर्ष वाया.

चाचणीची तारीख घ्यायला आम्ही दोघी गेलो. खिडकीवर ब्रियाना नावाची पोरगी होती, नखांना निळा रंग, स्वभावाने गोड. ती डार्लाला धीर द्यायला म्हणाली, "घाबरू नका हं. समजा अगदी तळाच्या वर्गात गेलात तरी काळजी नाही. तो वर्ग बेकर्ट सर घेतात. शाळेतून निवृत्त झालेत, इथे हौसेने शिकवतात. फार प्रेमळ आहेत!"

डार्ला हसली. ते हसू मी ओळखते.

गाडीत बसल्याबसल्या मी म्हटलं, "नाही. डार्ला, नाही. मनात आणू नकोस."

"मी काही बोलले का?"

"बोलायची गरजच नाही. थोबाडावर लिहिलंय."

मग तिने सांगितलं. चाचणीत मुद्दाम नापास व्हायचं. तळाच्या वर्गात, त्यांच्या अगदी नाकासमोर, पहिल्या बाकावर बसायचं. शेजारची खुर्ची रिकामी ठेवायची. आणि प्रत्येक परीक्षेत शंभर. प्रत्येक. सत्र संपलं की सगळ्या वर्गादेखत उभं राहून विचारायचं, "सर, आता कोणाचं बघून लिहिलं?"

"आणि एक्स-रे?" मी विचारलं.

तिने सीटबेल्ट लावला.

"अगं बये, एक्स-रेचं काय? पुढच्या वर्षी तो कोर्स इथे नसणार! त्या म्हाताऱ्याचं नाक कापायला तू स्वतःचा गळा कापणार?"

"कॉनी, तुझ्याजवळ ओरडून झालं की सगळं संपतं," ती शांतपणे म्हणाली. "माझं नाही संपत. मी रोज उठते ना, ते त्या लाल शून्याबरोबर उठते. हाडं बघून ते जाणार नाहीये."

मी गाडी इतकी जोरात मागे घेतली की कचऱ्याच्या डब्याला धडकले. स्टॅन नंतर ओरडला, तर त्याच्यावरही ओरडले. त्याला सांगितलं, "तुझ्या बहिणीला समजाव." तो म्हणाला, "तिला समजावू? त्यापेक्षा बंपर दुरुस्त करतो."

तो अख्खा उन्हाळा डार्लाने असा अभ्यास केला की काय सांगू. नापास व्हायला! ग्रंथालयातून पुस्तकं आणली, फोनवर कोणत्या तरी मास्तरचे व्हिडिओ लावून मान डोलवत बसायची. मी विचारलं, "अगं, नापासच व्हायचंय तर डोळे मिटून बटणं दाब की." तर म्हणाली, "आणि चुकून एखादं बरोबर आलं तर? प्रत्येक प्रश्नाला चार उत्तरं. आंधळेपणाने दाबलं तर काही बरोबर लागणारच. आणि मग मधल्या वर्गात टाकलं मला, तर? मला कच्चं काम नकोय." तिचं सगळंच असं. केकवरचं अक्षर असो की दुष्मनी, कडा सुबक हव्यात.

ऑगस्टमध्ये चाचणी झाली. मी तिला घेऊन गेले, कारण मला शेवटपर्यंत आशा होती की ऐन वेळी शहाणी होईल. फोन कपाटात ठेवून ती काचेच्या खोलीत गेली. मी बाहेर खुर्चीवर, आजूबाजूला अठरा-अठरा वर्षांची पोरं आणि त्यांच्या आया. एक आई पोराच्या पाठीवरून हात फिरवत होती, "शांतपणे वाच हं बाळा." मला काचेवर डोकं आपटावंसं वाटत होतं. आतल्या बयेला कोण सांगणार शांतपणे वाच म्हणून? ती वाचतच होती, आणि प्रत्येकाला चुकीचं उत्तर देत होती.

त्या चाचणीची रीत अशी की उत्तर बरोबर आलं तर पुढचा प्रश्न अवघड, चुकलं तर सोपा. डार्ला चुकत गेली तसा तो संगणक बिचारा खाली खाली उतरत गेला. नंतर तिने सांगितलं, शेवटी शेवटी त्याने विचारलं की शंभरातले पन्नास गेले तर किती उरले. तिने एकशे पन्नास दाबलं. "दाबताना डोळे मिटून घेतले बघ," म्हणाली. "केकला अंडी मोजणारी बाई मी. लाज वाटली."

ती बाहेर आली, एखाद्या राणीसारखी. खिडकीपाशी ब्रियानाने पडद्याकडे बघितलं, मग पुन्हा बघितलं, आणि तिच्या चेहऱ्यावरचा गोडवा उतरला.

"जरा थांबाल? मला कोणाला तरी विचारायला हवं. असं कधी आलं नाही इथे."

ती शेजारच्या खोलीत गेली आणि बेकर्ट सरांनाच घेऊन आली. उन्हाळ्यात गणिताची माणसं आळीपाळीने तिथे बसायची, त्या दिवशी त्यांची पाळी. डार्ला ताठ झाली. तिने इतक्या लवकर गाठ पडेल असं धरलं नव्हतं.

सर पार वाकले होते. चष्मा नाकावर ओढून त्यांनी पडदा वाचला. आम्हाला दोघींनाही ओळखलं नाही. खुशाल वाचत बसले. मग चष्मा वर करून म्हणाले, "बाई, तुम्ही सगळे प्रश्न चुकवलेत."

"मला गणित येत नाही," डार्ला म्हणाली.

"येत नसतं तर चौथा हिस्सा तरी बरोबर आला असता. वाचता न येणाऱ्याने नुसती बटणं दाबली तरी येतो. एकसुद्धा बरोबर न येऊ द्यायला," त्यांनी पडद्यावर बोट टेकवलं, "प्रत्येक उत्तर माहीत असावं लागतं. तुम्हाला हे सगळं येतं, बाई. अगदी सगळं."

मी डार्लाकडे बघितलं. तिचं तोंड अर्धवट उघडं. ज्या तोंडून हे ऐकायला तिने आयुष्य काढलं होतं, त्या तोंडून ते आलं होतं, भर हॉलमध्ये, पोरांसमोर आणि त्यांच्या आयांसमोर. मला वाटलं, झालं. सुटली बाई माझी. चला घरी, केक आणते.

पण म्हातारा थांबला असता तर ना! मान हलवत तो म्हणाला, "अशी माणसं भेटतात मला. सोप्या वर्गात शिरायचं, आयते चांगले गुण पदरात पाडायचे. याला आमच्या वेळी लबाडी म्हणत. खऱ्या गरजू पोराची जागा अडते त्याने."

लबाडी! दुसऱ्यांदा! त्याच माणसाने! माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली, मी तोंड उघडलंच होतं. डार्लाने माझा दंड असा दाबला की चार दिवस वळ होते.

"मग काय करायचं म्हणता?" तिचा आवाज एकदम मऊ.

"निकाल रद्द करता येतो. पुन्हा बसा, आत्ता, माझ्यासमोर. नाहीतर हाच निकाल ठेवा, मी काही पोलीस नाही. मग सोमवारपासून माझ्याच वर्गात याल."

म्हणजे तिला हवं होतं ते समोर ठेवलं होतं त्यांनीच, ताटात वाढून. तिने नुसतं हो म्हणायचं होतं. मी जीव मुठीत धरून बघत होते. आणि मग मी तिला आयुष्यात पहिल्यांदा भडकलेली बघितलं. गालांवर लाल ठिपके उठले, मान लाल झाली.

"खुर्ची आणा," ती म्हणाली. "ती नको, तिकडची. माझ्या अगदी समोर मांडा. आणि डोळे हलवू नका माझ्यावरून. शिंकायचंसुद्धा नाही. आजूबाजूचे सगळे संगणक बंद करा. ब्रियाना, तू पण बाहेर जा गं बाई. उद्या म्हणतील तुझं बघून लिहिलं."

ब्रियाना पळालीच. सर गांगरले, पण बसले.

काचेतून मी सगळं बघितलं. डार्ला एकेक उत्तर द्यायची आणि दिलं की मान वर करून सरांकडे बघायची. पुन्हा एक, पुन्हा बघायची. आता संगणक वर वर चढत चालला होता. मध्येच ती कागदावर काहीतरी करायची, ओठ चावायची. एकदा बराच वेळ अडली. मी काचेला नाक लावून पुटपुटत होते, "चल गं, चल गं माझी बाय." शेजारची ती आई मला म्हणाली, "तुमची मुलगी आहे का?" मी म्हटलं, "नणंद आहे. गप्प बसा."

शेवटचे दोन-तीन तिला आलेच नाहीत, हे तिने नंतर कबूल केलं. शाळेत जे पुढचं शिकवलं नाही, तिथलेच होते ते. पण बीजगणिताला जेवढं लागतं त्याच्या कितीतरी वर गेली होती ती. एक्स-रेचा दरवाजा उघडला होता.

सर उठले, खुश दिसले. "वा! हे आधीच का नाही केलंत?"

"मी डार्ला हुडाक," ती बसूनच म्हणाली. मी दार ढकलून आत घुसले होते, मला कोण अडवणार? "अकरावीला तुमच्या वर्गात होते. शंभर मिळाले होते मला. तुम्ही त्याचं शून्य केलंत."

"हुडाक..." त्यांनी कपाळ चोळलं. "स्टॅन हुडाक खेळायचा तो?"

"माझा भाऊ. ट्रॉय मॅसीचं बघून लिहिलं म्हणालात."

"ट्रॉय मॅसी!" म्हाताऱ्याचा चेहरा दिव्यासारखा उजळला. "अरे वा! काय करतो तो आता?"

शपथेवर सांगते, मी तिथली खुर्ची उचलून त्यांच्या डोक्यात घालणार होते.

"त्याला एकेचाळीस होते, सर," डार्ला म्हणाली. "आज मला म्हणालात, सगळं चुकवायला सगळं यावं लागतं. एवढं गणित येतं तुम्हाला. मग एकेचाळीसवाल्याचं बघून शंभर मिळत नाहीत, हे तेव्हा का नाही आलं?"

त्यांनी चष्मा काढला, शर्टाला पुसला. आठवत नव्हतं त्यांना. खरंच आठवत नव्हतं, आणि तेच सगळ्यात वाईट होतं. जे शून्य हिने रोज सकाळी उशाशी बघितलं, ते त्यांच्या डोक्यात त्या संध्याकाळपर्यंतसुद्धा टिकलं नसेल.

"किती पोरं हाताखालून गेली," ते म्हणाले. "चूक झाली असेल तर मला वाईट वाटतं."

"असेल तर नाही. झाली."

"बरं. झाली," ते म्हणाले, दुकानात गिऱ्हाइकाची समजूत काढावी तसे. आणि मग चष्मा घालून तिच्याकडे निरखून बघितलं आणि हसले, "अगं, तू ती फायर हॉलमधली ना? डोक्याला जाळी लावून मासा वाढतेस ती? तरीच म्हटलं कुठे पाहिलंय! तू मनात काही ठेवलं नाहीस, हे किती चांगलं केलंस. दर शुक्रवारी आठवणीने मला तो शेपटीचा कुरकुरीत तुकडा देतेस. मधला मऊ भाग मला गिळवत नाही बघ. मी बायकोला नेहमी सांगतो, गावात एकच बाई आहे जिला माझी आवड कळते."

मी तोंडात रुमाल कोंबला. तरी हसू फुटलंच, फिसकन. डार्ला उठली, पर्स घेतली आणि चालायला लागली. गाडीत शिरल्यावर पुढच्या खणावर तिने अशी मूठ मारली की खण उघडून सगळे नॅपकिन बाहेर आले.

"आवडतो!" ती किंचाळली. "इतकी वर्षं! हुडकून हुडकून काढत होते मी! ट्रेच्या तळाशी हात भाजून घेत होते!"

"डार्ला, पास झालीस तू. एक्स-रे मिळाला तुला."

"इतकी वर्षं मी त्याचे लाड केले, कॉनी!"

मला हसता हसता गाडी चालवेना. शेवटी तीही हसली, पण डोळ्यांत पाणी होतं, आणि ते हसण्याचं नव्हतं. केक घ्यायला आम्ही थांबलो नाही. तिने माझ्याकडे हलुश्की मागितली, लोण्यात परतलेल्या शेवया आणि कोबी, कोबी जास्त घालून, आणि पातेलं पुसून खाल्लं.

ती कोर्सला लागली. तिच्या तुकडीत सगळ्यात म्हातारी तीच. बीजगणितात पहिली आली, तिथे ट्रॉय मॅसीचा धाकटा पोरगा तिच्याकडे शिकवणीला यायचा. वेळ म्हणून तिला नसे. मी म्हटलं, या वर्षी मासा वाढायला येऊ नकोस, दुसरी कोणी बघेल. ती म्हणाली, "वेड लागलंय का तुला? शुक्रवारचीच वाट बघतेय मी."

पहिल्या शुक्रवारी ती आली, दवाखान्यातल्या निळ्या कपड्यांवरच ॲप्रन चढवून. बेकर्ट सर रांगेत होतेच. बायको बरोबर. लांबूनच हात हलवला त्यांनी, जवळ येईपर्यंत चेहऱ्यावर हसू मावत नव्हतं. ट्रेमध्ये अगदी वर एक शेपटीचा तुकडा पडला होता, तांबूस, पातळ, कडा वळलेल्या, बघूनच कुरकुर ऐकू यावी असा. सरांनी ताट त्याच्याच खाली धरलं.

डार्लाने चिमटा खाली घातला आणि मधला सगळ्यात जाड, पांढराफटक, तेलाने मऊ पडलेला तुकडा काढून त्यांच्या ताटात ठेवला.

सरांनी ताटाकडे बघितलं. मग तिच्याकडे. "ते... शेपटीचं नाही का, डार्ला?"

"संपलं, सर," ती म्हणाली. आणि ट्रेमधला तो वरचा तुकडा दोन बोटांनी उचलून त्यांच्यासमोरच तिने कचकन चावला. सावकाश चावला, गिळला, बोटं ॲप्रनला पुसली.

"पुढे व्हा, सर," ती म्हणाली. "मागे लोक खोळंबलेत."